थेट रोख साहाय्य व ग्रामीण कुटुंब

थेट रोख साहाय्य व ग्रामीण कुटुंब : गरजू व्यक्तीस धान्य, वस्तू वा काम न देता परतफेडीच्या अटीवाचून रोख रक्कम देणे, यास थेट रोख साहाय्य म्हणतात. ती रक्कम कशावर खर्च करावयाची हे घेणाराच ठरवितो, हे या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण होय.

महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबास रोख पैशाची मदत नवीन नाही. तथापि पूर्वी ती बहुधा कर्ज वा मजुरी या स्वरूपातच मिळे. तगाई फेडावी लागे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली व १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ लाभलेली रोजगार हमी योजना श्रमाच्या मोबदल्यात पैसे देई. फेड नाही व श्रमही नाही, असे साहाय्य १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने वृद्ध, विधवा व अपंग यांच्यापर्यंत नेले. डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेत जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रु. तीन हप्त्यांत मिळू लागले. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे त्यांत तेवढ्याच रकमेची भर घातली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या व अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रु. देण्याची तरतूद करण्यात आली.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी व तिच्या आसपासची गावे या साहाय्याचा परिणाम समजून घेण्यास सोयीची आहेत. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते व जायकवाडीचा डावा कालवाही या भागातून जातो. ज्यांना पाणी मिळते ते ऊस लावतात. इतरांची भिस्त पावसावरील कापूस, सोयाबीन व तूर यांवर असते. कोरडवाहू कुटुंबाची खरी अडचण उत्पन्नाच्या अल्पतेइतकीच त्याच्या वेळेचीही असते. बियाणे, खत व मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च जूनमध्ये येतो, तर कापसाचे पैसे दिवाळीच्या सुमारास वा त्यानंतर हाती पडतात. मधल्या पाच महिन्यांत कृषी सेवा केंद्राची उधारी व सावकाराचे व्याज वाढत जाते. अशा वेळी आलेला दोन हजारांचा हप्ता वर्षाच्या हिशेबात क्षुल्लक दिसला, तरी बियाण्याच्या पिशवीपुरती उधारी टाळतो. हाच हप्ता पेरणी उलटून गेल्यावर आला, तर तो किराणा व औषधपाण्यात जिरतो.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांना मिळणारी ‘उचल’ हीदेखील रोख रक्कमच असते. हंगामापूर्वी मुकादम ती देतो. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि उचल फिटेपर्यंत तो बांधला जातो. हंगामात ती फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षावर जाते. म्हणून हाती आलेल्या रकमेच्या आकड्यापेक्षा तिच्यामागे बंधन आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. महिन्याला १,५०० रुपयांनी उचल घेण्याची गरज संपत नाही. परंतु घरखर्चासाठी वरचेवर मागाव्या लागणाऱ्या लहान रकमा त्यातून भागू शकतात.

आफ्रिकेतील अनुभव येथे उपयुक्त आहे. केनियाच्या सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने २०११ पासून गरीब कुटुंबांना मोबाइलद्वारे बिनशर्त रकमा दिल्या. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी गवती छपरे काढून पत्रे घातले व जनावरे घेतली. मासिक हप्ते मिळालेल्यांच्या घरी अन्नाची शाश्वती अधिक वाढली. पैसा दारू-तंबाखूत जाईल, ही सर्वत्र ऐकू येणारी शंका तेथील पाहणीत खरी ठरली नाही. त्याच भागात प्रत्येक कुटुंबास सुमारे १,००० डॉलर देऊन झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवहारात सुमारे अडीच डॉलरांची भर पडली, भाव मात्र नाममात्रच वाढले. मध्य प्रदेशात ‘सेवा’ संघटनेने २०११-१२ मध्ये केलेल्या प्रयोगात प्रौढास प्रथम २०० व नंतर ३०० रु. दरमहा देण्यात आले होते.

रक्कम कोणाच्या खात्यात जाते, यावर घरातील निर्णयही अवलंबून राहतात. किसान निधी सातबाऱ्यावरील नावाने येतो आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. लाडकी बहीण योजनेची रक्कम स्त्रीच्या आधार-जोडलेल्या खात्यात येते. पतीच्या नावे जमीन असलेल्या जोडप्यास सर्व योजना मिळून वर्षाला ३०,००० रु. मिळू शकतात. जमीन पत्नीच्याच नावे असेल, तर तिला शेतकरी योजनांखेरीज दरमहा केवळ ५०० रु. मिळतात. बटईने कसणारा व भूमिहीन शेतमजूर यांना तर शेतकरी योजनांतून काहीच मिळत नाही. म्हणजे सर्वाधिक उचल घेणारे कुटुंबच या मदतीच्या मोठ्या भागापासून वंचित राहते. कापसाचा पडलेला भाव, दूरचा दवाखाना किंवा आटलेली विहीर यांवरही रोख रक्कम उपाय होत नाही.

मध्यस्थ टळतो, हा थेट साहाय्याचा मुख्य दावा आहे. तो सर्वस्वी खरा नाही, कारण यादी तयार करणारा हात कायम राहतो. २०२५ मध्ये अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात बनावट लाभार्थ्यांच्या नावे कोट्यवधी रुपये वळविल्याचे चौकशीत आढळले आणि अनेक तलाठ्यांना निलंबित करण्यात आले. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या छाननीत राज्यभरातील लाखो नावांचे लाभ थांबविले गेले व उरलेल्यांना आधारद्वारे ओळख-पडताळणी करून घेणे सक्तीचे झाले.