चाळिशीपूर्वीची रजोनिवृत्ती
रजोनिवृत्ती ही पन्नाशीच्या आसपासची बाब, असे आपण गृहीत धरतो. बेंगळुरूच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेतील संशोधकांनी १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा चाळिशीपूर्वीच पाळी थांबलेल्या स्त्रियाही तीत लक्षणीय संख्येने आढळल्या.

अशा स्त्रियांचा प्रश्न अंगातून निघणाऱ्या वाफा आणि रात्रीचा घाम एवढाच नसतो. इस्ट्रोजेन अकाली घटल्याने हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणूनच, अन्य वैद्यकीय अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. तरीही अनेकजणी कचरतात, त्या २००२ साली गाजलेल्या अमेरिकी अभ्यासामुळे. संयुक्त संप्रेरकांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढल्याचे त्यात दिसले, हे खरे. परंतु सहभागी स्त्रियांचे सरासरी वय होते ६३! पस्तिशीतल्या स्त्रीला तो निष्कर्ष लावणे म्हणजे एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात नावे टाकणे.

गर्भाशय असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन आवश्यक ठरते. पूर्वी स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असल्यास उपचाराची दिशा निराळी. कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व हाडांना साहाय्य करतात. वाफा शमवीत नाहीत.

गर्भधारणा नसताना चाळिशीपूर्वी चार महिने पाळी न आल्यास, 'ताण असेल' म्हणून थांबू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एफएसएच ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी.