मनातली सावली पाहा, पण गोळ्या सोडू नका!

गेल्या महिन्यात चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. यजमान म्हणाले, "डॉक्टर, शिबिराहून आल्यापासून हिचं असं झालंय." शिबिरात भराभर श्वास घ्यायचा, उशा बडवायच्या, ओरडून रडायचे. मनातली 'सावली' बाहेर काढायची म्हणे! नैराश्याच्या गोळ्याही तिथल्या मार्गदर्शकांनी बंद करायला सांगितल्या होत्या.

'सावली' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग (१८७५-१९६१) यांचा. राग, मत्सर, लाज असे जे आपण स्वतःचे म्हणून मान्य करीत नाही ते मनात दडून राहते. मग तेच दोष आपल्याला शेजाऱ्यात, सुनेत दिसू लागतात. विचार पटण्यासारखा आहे.

दडपलेले बाहेर काढण्याचे गट पुढे कॅलिफोर्नियातील एसलेन संस्थेत (स्थापना १९६२) आणि पुण्याच्या रजनीश आश्रमात चालले. पुण्यातील काही गटांत मारामारीपर्यंत मजल गेली. अखेर १९७९ मध्ये आश्रमानेच ती बंद केल्याचे जाहीर केले.

रडल्याने मोकळे वाटते, हे मीही मानतो. पण जुनी जखम उघडली की दुसऱ्या दिवशी मलमपट्टी करणाराही हवा. शिबिर रविवारी संपते आणि मंडळी आपापल्या गावी जातात.

भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कर्बवायू कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, गरगरते. ती 'शक्ती जागृत झाल्याची' खूण नव्हे.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

* फिट्स, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी असे श्वसनप्रकार करू नयेत.
* चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.
* झोप उडाली, भास होऊ लागले, जीव नकोसा वाटला, तर त्वरित मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बाईंना त्याच दिवशी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मनातले दुःख मात्र खरे होते. वीस वर्षांपूर्वी त्यांचे तान्हे मूल गेले. "रडू नकोस, दुसरं होईल," म्हणून घरच्यांनी गप्प केले होते. आता दर आठवड्याला समुपदेशक ताईंपाशी त्या अर्धा तास बोलतात. परवा म्हणाल्या, "काल रात्री सलग पाच तास झोपले."