पांढऱ्या उंदरांची जोडी घरी आणण्यापूर्वी



शेतकऱ्याच्या घरात उंदीर पाळण्याची गोष्ट निघाली की घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. ज्याने कणगी पोखरली, पोती कुरतडली, भाताच्या लोंब्या बिळात ओढून नेल्या, त्याला पिंजऱ्यात ठेवून दाणे घालायचे? पण मुलांची हौस निराळी असते.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने बाजारातून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. पेंटेकॉस्टच्या रविवारी मिस्सानंतर तो आमच्याकडे आला व हळूच म्हणाला, "फादर, चार उंदीर तुम्हाला हवेत का?" चौकशी केली तेव्हा कळले की घरी चाळीसच्या आसपास उंदीर झाले आहेत. त्याची आई गरोदर होती व पिंजरा तीच साफ करीत होती. वडील तर सगळे उंदीर बांधावर सोडून देण्याच्या विचारात होते. त्या घरी आम्ही जे समजावून सांगितले, तेच आज येथे लिहीत आहोत.

पांढरा उंदीर हा परदेशातील कोणी वेगळा प्राणी नव्हे. आपल्या घरात फिरणाऱ्या लहान उंदराचीच ती माणसाने निवडून वाढवलेली जात आहे. वजन साधारण 25 ते 30 ग्रॅम, आयुष्य सुमारे दोन वर्षे. जपानमध्ये रंगीत उंदीर पाळण्याची हौस इतकी होती की 1787 मध्ये त्यावर एक पुस्तिकाच निघाली. अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने 1900 च्या सुमारास एका जोडीपासून उंदीरपालन सुरू केले. काही वर्षांत तिच्याकडे दहा हजारांवर उंदीर झाले व प्रयोगशाळा तिच्याकडून ते विकत घेऊ लागल्या. एका जोडीपासून दहा हजार, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता हा वेग कसा येतो ते पाहू. मादी गाभण राहिल्यापासून 19 ते 21 दिवसांत विते. एका वेळी बहुधा सहा ते आठ पिल्ले होतात, कधी बारासुद्धा. पिल्ले जन्मतः उघडी, गुलाबी व आंधळी असतात. दहाव्या दिवसापर्यंत अंगावर केस येतात, चौदाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांनी दूध तुटते. पाच-सहा आठवड्यांची झाली की तीच पिल्ले स्वतः प्रजेला तयार होतात. त्यातच, व्यालेली मादी 24 तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर जवळ असला तर एक वीत अंगावर पीत असतानाच दुसरी पोटात वाढू लागते.

हिशेब करून पाहा. दर वेळी सहाच पिल्ले धरली व त्यांत तीन माद्या धरल्या, तरी तीन महिन्यांत पहिल्या मादीची तीन वेते होतात, म्हणजे 18 पिल्ले. तोवर पहिल्या वेतातील तीन लेकीही वितात, त्यांची आणखी 18. मूळची दोन धरून 38 झाले. राखेच्या बुधवारपासून पेंटेकॉस्टपर्यंत 95 दिवस असतात. त्या मुलाच्या पिंजऱ्यात चमत्कार घडला नव्हता. नर आणि मादी वेगळे करायचे एवढेच राहून गेले होते.

म्हणून पहिला नियम हा की केवळ हौस असेल तर दोन माद्या आणाव्यात. त्या एकत्र गुण्यागोविंदाने राहतात. दोन मोठे नर एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. पिल्ले हवीच असतील तर मादीचे पोट दिसू लागताच नर दुसऱ्या पिंजऱ्यात हलवावा. पिल्ले चार आठवड्यांची होण्याआधी नर व माद्या निराळ्या कराव्यात. ओळखण्याची खूण सोपी आहे: शेपटीखालील दोन छिद्रांमधील अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. नवव्या-दहाव्या दिवशी पोटाकडे पाहिले तर मादीच्या पिल्लांना स्तनांचे ठिपकेही दिसतात. व्यालेल्या मादीचे घरटे पहिले काही दिवस उसकू नये. घाबरलेली आई पिल्ले खाऊन टाकते.

पिंजऱ्याची जाळी पाव इंचाची असावी. अर्ध्या इंचाच्या जाळीतून पिल्ले सहज निसटतात. खाली कोरडे गवत किंवा कागदाच्या पट्ट्या घालाव्यात. सुताचे धागे घालू नयेत, ते पिल्लांच्या पायांना आवळतात. पिंजरा स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर लाल मुंग्या पिल्लांना मारतात. तापलेल्या पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. घाम गाळून अंग थंड करणे उंदराला जमत नाही. एका उंदराला दिवसाला चार-पाच ग्रॅम खाणे पुरते: ज्वारी, बाजरी, गहू, थोडे चणे, कधी गाजराचा तुकडा. पाणी नळीच्या बाटलीतून द्यावे. दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडायला लाकडाचा तुकडा असावा.

आता आरोग्याची गोष्ट. पिंजऱ्यात सांडलेल्या दाण्यांसाठी रात्री रानटी उंदीर येतात व त्यांच्यामागे सापही येतो. आपल्या भातशेतीच्या भागात पावसाळ्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांचा ताप, उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेला लागून होतो. तेव्हा सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून टाकावेत आणि पिंजरा स्वयंपाकघरात व धान्याच्या खोलीत कधीच ठेवू नये. गरोदर बाईने पिंजरा साफ करू नये व उंदीर हाताळू नयेत. उंदरांकडून येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो. दम्याच्या माणसालाही हा प्राणी सोसत नाही. उंदराला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा नियम मुलांना जेवणाआधीच्या प्रार्थनेइतका अंगवळणी पडावा. ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे किंवा कावीळ दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी दवाखान्यात जावे व घरात उंदीर आहेत हे डॉक्टरांना सांगावे.

आणि जास्तीचे उंदीर बांधावर सोडू नयेत. पांढरे अंग रात्री घुबडाला दुरून दिसते. बहुतेक दोन-तीन दिवसांत मरतात. जे जगतात ते गोठ्यातल्या, घरातल्या उंदरांशी मिसळतात, कारण जात एकच. म्हणजे मुक्या जिवाचा छळ आणि शेजाऱ्याचे नुकसान, दोन्ही एकदम.

मुलांना यातून शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. ब्रनो येथील मठातले ऑगस्टिनियन धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी आधी आपल्या खोलीत उंदीर पाळले होते, असे सांगतात. 1856 पासून त्यांनी वाटाण्यांवर प्रयोग केले व 1866 मध्ये आनुवंशिकतेचे नियम प्रसिद्ध केले. पुढे 1902 मध्ये केनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेच नियम उंदरांत दाखवले. अस्सल करड्या नराला पांढरी मादी दिली की सगळी पिल्ले करडी होतात. त्या पिल्लांच्या पोटी मात्र चारांत सुमारे एक पांढरे निघते. बियाणे निवडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कळले तर पुढे उपयोगीच पडेल.

त्या घरी आता दोन माद्या उरल्या आहेत, दोन पिंजरे रिकामे आहेत. बाकीचे उंदीर ओळखीच्या घरी व एका शाळेत गेले. नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. पिंजरा मुलगा स्वतः धुतो. आईला पावसाळ्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तेव्हा जोडी विकत घेण्याआधी पिल्ले कोण घेणार ते ठरवा. उत्तर नसेल तर दोन माद्या पुरेत.