साठ आणि साठ, एकशेवीस?

शाळेत तीस वर्षे मी अंकगणित शिकवले. आगगाड्यांची उदाहरणे म्हणजे माझा हातखंडा! गाड्या समोरासमोर येत असल्या की वेगांची बेरीज, एकाच दिशेने जात असल्या की वजाबाकी. "या नियमाला अपवाद नाही," असे मी फळ्यावर खडू आपटून सांगत असे. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, गाड्या जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावल्या तर?" वर्ग हसला, आणि मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभे केले.

गेल्या दिवाळीत पुण्याहून मुंबईला जाताना समोरून एक गाडी धडधडत निघून गेली आणि माझ्या भाचीने तोच प्रश्न काढला.

"मामा, दोन्ही गाड्या प्रकाशाच्या पाऊणपट वेगाने आल्या तर?"

"दीडपट!" मी ठोकून दिले.

"पण प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही ना?"

मी घाईघाईने चिवड्याचा डबा उघडला.

घरी येऊन पुस्तके काढली तेव्हा कळले, की आइन्स्टाइनने १९०५ सालीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. बेरीज करावी, पण पुढे तिला भागावे. दोन्ही वेग प्रकाशवेगाच्या अपूर्णांकात मांडा, त्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. हा झाला भाजक. पाऊण आणि पाऊण यांची बेरीज १.५, भाजक १.५६२५, उत्तर ०.९६! फलाटावरच्या माणसाला दोन गाड्यांमधले अंतर दीडपट वेगाने घटताना दिसेल. पण गाडीतल्या प्रवाशाला समोरची गाडी ०.९६ वेगानेच येताना दिसेल. कारण त्याची मोजपट्टी आणि घड्याळ फलाटाशी जुळत नाहीत. आणि एक वेग प्रकाशाचाच घेतला, तर दुसरा कितीही असो, उत्तर येते एक.

हा नुसता कागदी हिशेब नव्हे. १८५१ साली फ्रान्समध्ये फिझो यांनी सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यातून प्रकाश सोडला. प्रकाशाच्या वेगात सातही मीटरांची भर पडायला हवी होती. पडली निम्म्याहून कमी. ती का, हे १९०७ साली लाउए यांनी याच सूत्राने दाखवले. पुढे १९६४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रकाशवेगाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणाऱ्या पायॉन कणांतून निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजला. तो प्रकाशाइतकाच भरला.

मग आमच्या ताशी साठ किलोमीटरच्या गाड्यांचे काय? तासाभराच्या १२० किलोमीटरांत तूट येते ती दोन-चार अणूंच्या रुंदीएवढी! तेव्हा माझी उदाहरणे चुकली नाहीत. चुकले ते माझे "अपवाद नाही" हे शब्द.

भाचीला उत्तर कळवले. त्या मुलाचा पत्ता मात्र माझ्यापाशी नाही. आता तोही चार पोरांचा काका-मामा असेल. दिवाळी अंक चाळताना हे पान त्याच्या नजरेस पडले तर एवढेच सांगायचे आहे: बाळ, खाली बस. तुझा प्रश्न बरोबर होता.