केव्हीएमचा ‘सबएरर: १’ कसा वाचायचा?

नायगावहून व्हीजेटीआयला जाणाऱ्या पोरांनो, लिनक्सवरचं व्हर्च्युअल मशीन ‘केव्हीएम इंटर्नल एरर, सबएरर: १’ म्हणत थांबलं, तर क्यूईएमयूने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामने) छापलेली ‘कोड’ची ओळ आधी बघा. कोनी कंसातल्या बाइटपासून फसलेली सूचना सुरू होते.

बहुतेक सूचना प्रोसेसर थेट पार पाडतो. काही मात्र केव्हीएमला, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीनच्या भागाला, स्वतः वठवाव्या लागतात. ते जमलं नाही, हाच ‘सबएरर: १’चा अर्थ. पण पूर्वी असं झालं, की व्हर्च्युअल मशीनमधल्या साध्या प्रोग्रामच्या माथी ‘अवैध सूचना’ मारली जायची आणि बाहेर क्यूईएमयूला पत्ताच नसायचा. (चूक कुणाची, शिक्षा कुणाला!) २०२१ च्या लिनक्स ५.१४ पासून बाहेरचा प्रोग्राम आधी सांगून ठेवू शकतो: असं अपयश माझ्याकडे पाठव. सोबत शक्य तेव्हा सूचनेचे बाइट्सही येतात. जागा १५ बाइट्सची, कारण एक्स८६ची सूचना त्याहून लांब नसतेच.