लाकडाचं सोंग

दुकानात पसंत केलेली फळी घरी आणून जमिनीवर ठेवली, तशी आई म्हणाली, "ही दुसरीच दिलीय रे त्यानं." दुसरी नव्हती. दुकानात ती पिवळ्या दिव्याखाली भिंतीला उभी लावलेली होती. घरात ती आडवी झाली, खिडकीतला जुलैचा मळभट उजेड तिच्यावर पडला आणि मधासारखा वाटलेला रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसायला लागला.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं आहे. खाली शहाबादी, वर माळा. माळ्याची जमीन सागवानी फळ्यांची. लाकूड डोक्यावर आणि दगड पायाखाली, हीच या घरांची रीत. कारण पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते आणि ओल लागलेलं लाकूड फुगतं. हॉल नवा करायचा ठरला तेव्हा बायकोला लाकडी जमीन हवी होती. खऱ्या लाकडाचा विषय टिंबर मार्केटच्या एका फेरीतच मिटला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. मग लॅमिनेट बघितलं. ते स्वस्त, एका दिवसात बसतं, पायाला उबदारही लागतं. पण त्याच्या पोटात लाकडाचा दाबलेला भुसाच असतो. 2021च्या जुलैतल्या पुरात एका मित्राच्या घरात दोन दिवस पाणी होतं. कपाटं, भांडी धुऊन परत वापरात आली. लॅमिनेटच्या फळ्या मात्र जोडाजोडाला तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. त्या उचकटून रस्त्यावर ढीग घातला, तो मी पाहिला आहे.

तेव्हा राहिली ती लाकडासारखी दिसणारी फरशी. दुकानातल्या बहुतेक फरश्या येतात गुजरातेतल्या मोरबीहून. तिथे माती प्रचंड दाबाखाली दाबून पाटी करतात, खऱ्या लाकडाच्या फळीचा स्कॅन केलेला फोटो शाईच्या फवाऱ्यानं तिच्यावर छापतात, वर काचेचा पातळ थर देतात आणि 1200 अंशांच्या आसपास भाजतात. भाजल्यावर ती पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणजे लाकडाला जे भोवतं तेच हिला भोवत नाही. फसते ती दुसरीकडे.

ती जागा म्हणजे गाठ. खऱ्या लाकडातली एक गाठ दुसरीसारखी नसते. छापील लाकडात ती असते, कारण एका डिझाइनसाठी फळ्यांचे फोटो मोजकेच घेतलेले असतात. दुकानदार त्यांना रँडम म्हणतात. डिस्प्लेवर चारच फळ्या लावलेल्या असतात आणि चारी वेगळ्या, त्यामुळे तिथे काही कळत नाही. मी विचारलं, "रँडम किती?" उत्तर आलं, "भरपूर आहेत की." मग दोन बॉक्स फोडायला लावले आणि दहा फळ्या दुकानाच्या जमिनीवर अंथरल्या. एकच डोळ्याच्या आकाराची गाठ तीनदा माझ्याकडे बघत होती. एकदा दिसली की ती दिसायची थांबत नाही. पाहुण्यांशी बोलतानाही नजर तिच्यावरच जाणार. ते डिझाइन तिथेच सोडलं. दुसऱ्या दुकानात कमी गाठींची, सरळ रेषांची फळी मिळाली. तिच्यातही पुनरावृत्ती होतीच, पण शोधावी लागत होती. सोंगाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवली.

पुढची परीक्षा मिस्त्रींनी घेतली. त्यांनी दोन फळ्या तोंडाला तोंड लावून डोळ्यासमोर उभ्या धरल्या. "मधनं उजेड दिसतोय बघा." खरंच दिसत होता. 200 बाय 1200 मिलिमीटरची लांबट फळी भट्टीतून येताना मधोमध किंचित कमान धरते. फार वाकलेली बाद करायची, थोडी वाकलेली चालते. पण मग ती लावायची कशी, हा प्रश्न उरतो. विटांसारखा निम्मा जोड दिला, तर एका फळीचा सगळ्यात उंच मध्य शेजारच्या दोन फळ्यांच्या सगळ्यात खालच्या टोकांना येऊन भिडतो. "निम्म्यावर जोड आला की पायाला लागतंय सर. एक तृतीयांशावर टाकूया." मला निम्मा जोड आवडला होता. मी गप्प बसलो, आणि ते बरं झालं.

चकचकीत फिनिश मी बघितलंच नाही. लाकूड चकाकत नाही, आणि ओल्या पायानं घरात येणाऱ्यांच्या गावात तशी फरशी घेणं म्हणजे हाडवैद्याची सोय. मॅट घेतली. मॅटमध्येही रेषा हाताला लागतील एवढ्या खोल असलेली एक जात असते. ती दिसायला सगळ्यात खरी. आईनं तिच्यावरून अनवाणी पाय फिरवला आणि विचारलं, "पुसणार कोण?" घरी आणलेल्या दोन्ही नमुन्यांवर बायकोनं मिसळीचा कट सांडून रात्रभर ठेवला. कोल्हापुरात यापेक्षा कडक चाचणी नाही. सकाळी गुळगुळीत मॅट ओल्या फडक्यानं साफ झाली. खोल रेषांमध्ये तांबडी तर्री बसून राहिली, ब्रश घ्यावा लागला. उंबऱ्यापाशी रांगोळी रोज निघते, तिथे तर असल्या रेषा नकोतच. गुळगुळीत मॅटवर शिक्कामोर्तब झालं.

हिशेब सोपा होता. 12 बाय 14चा हॉल म्हणजे 168 चौरस फूट. तुटफूट आणि कटिंगसाठी दहा टक्के धरून 185. पाच फळ्यांचा बॉक्स जेमतेम तेरा फूट भरतो, म्हणजे 15 बॉक्स. मी 17 घेतले, आणि सगळ्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पोत चढवताना स्वतः वाचून पाहिलं. बॅच बदलली की रंगाची छटा बदलते.

लावताना मिस्त्रींनी सिमेंटची रबडी नाही, फरशी चिकटवायचं केमिकल वापरलं. पाणी न पिणारी फरशी नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. दोन मिलिमीटरचे स्पेसर, वर लेव्हलच्या क्लिपा. फळ्यांची लांबी खिडकीकडून आत येणाऱ्या उजेडाच्या दिशेनं धरली, कारण आडव्या जोडांवर तिरका उजेड पडला की केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. जोडांत भरायचं ग्राउट फळीपेक्षा किंचित गडद घेतलं. पांढरं घेतलं असतं, तर सोंग रेघारेघांनी उघडं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी काठीच्या टोकानं एकेक फळी ठोकून ऐकली. दोन पोकळ वाजल्या. न सांगता त्यांनीच त्या काढून परत बसवल्या.

डिसेंबरात ही जमीन शहाबादीइतकीच गार पडते. लाकडाची ऊब काही छापता येत नाही. सकाळी आई पायात सपाता घालते. उरलेला माल माळ्यावर सागवानी फळ्यांवर ठेवलाय, बॅच नंबर बॉक्सवर ठळक मार्करनं लिहून. तुम्ही घ्यायला जाल, तेव्हा दोन बॉक्स फोडून दहा फळ्या जमिनीवर मांडायला लावा. दुकानदार कुरकुरला, तर दुसरं दुकान बघा.