कान तुटलेल्या कढईतलं रसायन

बऱ्याच घरांत कान तुटलेली एक लोखंडी कढई असते. तिच्यात भाजी होत नाही. शनिवारी रात्री तिच्यात मेंदी भिजते. सोबत चहाचं उकळलेलं पाणी, आवळ्याची पूड, काताचा खडा, दोन चमचे दही. कुणाकडे अंडं, कुणाकडे बिटाचा रस. रविवारी डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून माणसं बसतात आणि मानेवरून हिरवट ओघळ येत राहतात. या कढईतलं खरोखर कामाला कोण येतं आणि नुसतं पंगतीला कोण बसतं, ते पाहण्यासारखं आहे.

मेंदीच्या पानात रंग तयारच असतो, अशी आपली समजूत असते. खरं तर पानात असतात ती रंगाची पूर्वद्रव्यं, साखरेच्या रेणूला बांधलेली. पाण्यात भिजून थोडा आंबटपणा आणि ऊब मिळाली की साखर सुटते. उरलेल्या भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि लॉसोन हा नारिंगी रंग तयार होतो. सुक्या पानातून तो एक-दोन टक्के मिळाला तरी पुष्कळ. म्हणून तर मेंदी भिजत ठेवायची: उन्हाळ्यात काही तास, पुण्याच्या डिसेंबरात रात्रभर. हिरव्या लेपावर तपकिरी साय धरली की समजावं. आणखी खात्री हवी तर तळहातावर ठिपका ठेवावा. पाच मिनिटांनी पुसल्यावर तिथे केशरी डाग दिसला, तर लेप तयार आहे.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले. लॉसोनचा रेणू लहान असल्यामुळे तो खवल्यांच्या फटींतून आत जातो आणि केराटिनशी रासायनिक बंध जोडतो. भिंतीला डिस्टेंपर द्यावा तसा हा वरवरचा थर नव्हे, त्यामुळे शाम्पूने तो सहज जात नाही. तळहातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत जाते, कारण कातडीचा वरचा थरच झडतो. केसाला ती सोय नाही. मात्र केसात आधीच असलेला काळा रंग मेंदी काढत नाही, स्वतःचा रंग त्यात मिसळते. पांढरा केस नारिंगी होतो. काळा काळाच राहतो, उन्हात तेवढा तांबूस झळकतो.

आता दही आणि अंडं. तीही प्रथिनंच! लॉसोनला केसातलं प्रथिन आणि कढईतलं प्रथिन यांत फरक कळत नाही, म्हणून त्याचा काही भाग डोक्यावर पोचण्याआधीच दह्याशी सोयरीक करून मोकळा होतो. केस मऊ करायचे असतील तर दही जरूर लावा, पण वेगळ्या दिवशी. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, पहिल्या धुण्यातच मोरीत जातो. लिंबाचा आंबटपणा थोडा उपयोगी पडतो, फार झाला तर केस कोरडे करतो.

लॉसोन तेरड्यातही असतो, हे वाचून मी चकित झालो होतो. कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर वाटून नखांवर बांधतात आणि तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो. आपण मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून मोकळे.

कढईला मात्र पैकीच्या पैकी गुण. चहा, आवळा, कात यांत टॅनिन असतं. लोखंडाशी ते मिळालं की निळसर काळं संयुग बनतं. युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले, ती याच मेळातली: माजूफळाचं टॅनिन आणि लोहाचा क्षार. लॉसोनही लोहाशी जुळून गडद होतो. म्हणून स्टीलच्या वाडग्यातली मेंदी नारिंगी आणि कढईतली तपकिरीकडे झुकलेली. पण कढईच्या मेंदीनंतर सलूनमध्ये पेरॉक्साइडवाला डाय करणार असाल, तर तिथे आधी सांगा. लोहामुळे पेरॉक्साइड वेगाने फुटतं आणि केस तापू शकतात.

तरीही तपकिरी म्हणजे काळा नव्हे. त्यासाठी नीळ लागते, चंपारणच्या शेतकऱ्यांनी जिच्यापायी इतकं सोसलं ती. पण तयार नीळ इथे कामाची नाही. नीळ एकदा तयार झाली की पाण्यात विरघळत नाही, मग केसात शिरणार कशी? हवी ती निळीच्या सुकवलेल्या पानांची हिरवी पूड. त्या पानात इंडिकन असतं. कोमट पाणी लागताच पानातलंच विकर त्याची साखर तोडतं, उरलेला बिनरंगी लहान रेणू केसात शिरतो आणि तिथे हवा लागून दोन-दोन रेणू जुळले की निळा होतो. आत गेलेला पाहुणा दारापेक्षा मोठा झालेला असतो! मेंदीची सगळी शिस्त इथे उलटी: रात्रभर भिजवायचं नाही, लिंबू घालायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत लावून मोकळं व्हायचं. आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ. नारिंगीवर निळा चढला की काळपट. मेंदीला वगळून पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावली, तर डोकं निळसर-हिरवं होण्याची शक्यता आहे.

अर्ध्या तासात काळेभोर केस देणारी पाकिटातली ‘काळी मेंदी’ ही बहुधा वेगळीच वस्तू असते. मेंदीचं झाड काळा रंग देत नाही. पाकिटाच्या मागे पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, लिहिलंय का ते बघा. युरोपीय संघात केसांच्या रंगात त्याचं प्रमाण लावतेवेळी दोन टक्क्यांवर नेता येत नाही, आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर साथ करते. साधी मेंदीसुद्धा अगदी निरुपद्रवी नाही. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर त्यांच्या तांबड्या पेशी फुटल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. बारशाला बाळाच्या पायावर मेंदी काढण्याची हौस तेवढी आवरावी.

सगळ्या डोक्यावर प्रयोग करण्याआधी फणीत अडकलेले पांढरे केस जमवा, दोऱ्याने बांधा आणि वाटीत मेंदी, मग नीळ असं करून पाहा. निकाल मात्र दोन दिवसांनी, खिडकीशी नेऊन बघा. त्याच संध्याकाळी पाहिलेत तर केस हिरवट दिसतील आणि उगाच घाबराल.